तोरणमाळच्या ढगातलं सांबर

अक्काला काचबिंदू आहे. नजर कडांकडून मिटत चालली आहे, आणि गेलेली परत येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. "मंग जितली शे तितलीमा एक सांबर देखी लिसू," ती म्हणाली. प्राणिसंग्रहालयातलं नको, रानातलं. थोरल्या बहिणीचा हट्ट. दसरा होताच आम्ही दोघी जळगावहून निघालो.

धुळ्याहून एस.टी.ने शहादा, तिथून तोरणमाळची गाडी. ती चुकवू नका, पुढची कधी येईल सांगता येत नाही. घाटात ढग खिडकीतून आत येतात आणि शेजारी बसल्यासारखे मांडीवर रेंगाळतात. शाल हवीच. विश्रामगृहात शिधा आपला न्यायचा. तिथले खानसामा, नाना, रांधून देतात आणि मनात आलं तर रानही दाखवतात.

पहिल्या सकाळी चूक आमचीच. खान्देशी माणूस भरताशिवाय घर सोडत नाही. अक्काने हिरवी वांगी तर आणलीच, वर कपाशीच्या वाळक्या काड्यांची मोळीही गाडीच्या टपावर चढवली होती. पायवाटेच्या कडेला वांगी भाजली. धूर ढगात अडकून तिथेच राहिला. वानरं खाकरली, मग सगळं रान गप्प.

"अक्का, भरीतना वास लिसन सांबर पंगतले येई का?" नाना म्हणाले.

"येवो ना! त्याले बी वाढसू."

पण सांबर आलं नाही. हातात फक्त उद्याची सकाळ उरली होती.

दुसऱ्या दिवशी शिळी भाकरी खाऊन निघालो. ढग इतका दाट, की नाना दिसेनात. एरवी माझं कोपर धरून चालणारी अक्का पुढे झाली. "आज बठ्ठासले मनासारखंच दिखस," ती हसली. खरंच, आज आम्हा सगळ्यांना तिच्याइतकंच दिसत होतं. मग ती एकदम थांबली.

पानांवरून थेंब पडत होते. पांढऱ्यातून एक ओलं नाकाड आलं, मग मोठाले कान. सांबराची मादी. तिने आमच्याकडे शांतपणे पाहिलं. ढग हलला, आणि तिच्या जागी झाड होतं.

घरी आल्यापासून अक्का आल्यागेल्याला सांगते: केवढं सांबर! डोक्यावर फांद्यांसारखी शिंगं, त्यांवर दव. मादीला शिंगं नसतात, हे मला माहीत आहे. पहिल्यांदा ते ओठांवर आलंही होतं. पण मी पाहत होते मादीकडे, आणि अक्का पाहत होती तिच्या मागे, ढगात. तिथे काय उभं होतं, ते मी पाहिलेलं नाही.

मी तिचा चहा गाळते आणि ऐकत राहते.