जीप सकाळी का उठत नव्हती

आधीच माफी मागते. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. माझ्या ऱ्हस्वदीर्घाचा भरवसा नाही, आणि अक्षर वाळत घातलेल्या शेवयांसारखं कुठंही वळतं. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. दाखवायची कुणालाच नाही, तरी कुणी उघडलीच तर सांभाळून घ्यावं.

आमची एक जुनी जीप आहे. माझे यजमान तिच्यातून जाफराबादला सवाऱ्या नेतात. सकाळची पहिली फेरी महत्त्वाची. ती चुकली की सवारी दुसऱ्याच्या जीपला बसते आणि मग तिथलीच होते.

पोळ्याच्या सुमारास जुनी बॅटरी पार बसली, म्हणून नवी आणली. दुकानदाराने अर्धे पैसे घेतले, बाकीचे सवडीने द्या म्हणाला. तीन महिने काही तक्रार नव्हती. मग थंडी पडली आणि जीप सकाळी उठेना. चावी फिरवली की नुसतं टक्. घरापुढे चढ आहे, धक्का मारायला चार माणसं लागतात. म्हणून शेजारच्या चुलत दिराचा ट्रॅक्टर आणायचा, त्याच्या बॅटरीच्या वायरी आमच्या बॅटरीला लावायच्या. की लगेच चालू.

दिराला उठवायला रोज मी जायची. हे म्हणायचे, "तू जा, तुला तो न्हाई म्हनत न्हाई." मला तर दुसऱ्याच्या दारात उभं राहून काही मागायचं म्हटलं की नको वाटतं.

"काय वहिनी, नवरी अजून झोपलेलीच का?" दीर अंगणातूनच ओरडायचा. "रोज माझ्याच ट्रॅक्टरनं उठवायची व्हती, तर हुंड्यात ट्रॅक्टर मागून घ्यायचा!"

आतून जाऊ हसायची. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी.

यजमानांचं ठरलंच होतं की बॅटरी खराब. बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात ते दुकानदाराला बोलले, "जुनी बॅटरी नवी म्हून गळ्यात मारली. आता एक रुपया देनार न्हाई." तो म्हणाला, गाडी आणा, मशीन लावून बघू. हे म्हणाले, "तू चांगलीच म्हननार." आणि निघून आले.

मला ते पटत नव्हतं. जीपचा हॉर्न मोठा वाजायचा, दिवे लावले की समोरची भिंत उजळायची. रिकाम्या बॅटरीत एवढा उजेड कुठून? पण चावी फिरवली की तेच दिवे एकदम मरायचे. आमच्या शेतात ठिबकच्या नळीचं असंच होतं. टाकी भरलेली असते, एखाददुसरा थेंब पडतो, पण जोर धरत नाही. आत क्षार बसलेला असतो.

"बॅटरीत हाय, पण भाईर येत नसंल," मी म्हणाले.

"घ्या! चौथी शिकलेली मिस्तरी."

मी मनात पक्कं केलं, उद्या कारण सापडल्याशिवाय दिराच्या दारात जायचं नाही.

सकाळी बॉनेट उघडून मी पुढे उभी राहिले आणि यजमानांना चार-पाच वेळा चावी फिरवायला लावली. मग हात लावून बघितलं. जाड वायर गार. बॅटरीच्या एका खांबावरचं, वायर जोडणारं कडं गार. लाल टोपणाच्या खांबावरच्या कड्याला हात लावला आणि चटका बसला.

"हितं अडलंय," मी म्हणाले. फडक्याने ते कडं घट्ट धरून खांबावर मागेपुढे पिळलं. "आता फिरवा."

जीप चालू झाली. दिराच्या घरात अजून दिवासुद्धा लागला नव्हता.

संध्याकाळी यजमानांनी ते कडं पान्याने सोडवलं. आत पांढरा-हिरवा क्षार साचला होता आणि त्यात लाल रंग होता. तो मी लगेच ओळखला. दर अमावस्येला जीपपुढे नारळ फोडतो. बॅटरी एवढी महागाची, म्हणून तिलाही मी हळदकुंकू लावायची, वरून नारळाचं ओंजळभर पाणी. लाल टोपणाच्या खांबाला आधी, हात सैल सोडून. दुसऱ्याला उरलंसुरलं. दीर वायरीचा चिमटा कड्याच्या वरूनच लावायचा, म्हणून ट्रॅक्टरची ताकद सरळ वायरीत जायची आणि आतला मळ तिला आडवा येत नव्हता. आमची बॅटरी मात्र भरलेली असून अडकून पडली होती.

गरम पाणी ओतलं, पॉलिश कागदाने घासलं. दुसऱ्या दिवशी जीप पहिल्या चावीला उठली.

"आता कोनत्या तोंडानं जाऊ त्या दुकानदाराकडं?" यजमान म्हणाले. "राहू दे, त्याला कुठं माहीत हाय."

"आपल्याला माहीत हाय ना. चूक माझ्या हाताची हाय, मी जाते."

"तू? तू किराना दुकानात साखर मागायला लाजती!"

मी गेले. दुकानाच्या कडेला उभी राहिले. तीन गिऱ्हाईकं येऊन गेली तरी तोंड उघडेना. मग एका दमात म्हणाले, "बॅटरी चांगली हाय. मीच कुंकू लावलं."

"कुंकू? कशाला लावलं, भाभी?"

"बॅटरीला. नारळाचं पानीबी."

तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाला, "पूजा गाडीची करा, भाभी. बॅटरीला बस दुरून हात जोडा." मग कागदाच्या पुडीत थोडं ग्रीस दिलं, खांबाला चोळायला. "आणि भाऊला म्हणा, चहाला या. रस्त्यावरचं बोलणं मी रस्त्यावरच सोडलं."

पुढचे चार महिने, दर महिन्याच्या एका बाजाराला मी स्वतः जाऊन पैसे देत राहिले. शेवटच्या वेळी दुकानात गर्दी होती. त्याने नोटा न बघताच गल्ल्यात टाकल्या. म्हणाला, "बराबर असतील, भाभी."

"न्हाई," मी सगळ्यांदेखत म्हणाले, "मोजून घ्या."

त्याने नोटा परत काढून मोजल्या. पैसे पुरे होते.