सिस्टरांची शिस्त

निवृत्त होऊनही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. उभा जन्म वॉर्ड सांभाळण्यात गेला होता. मोठमोठे डॉक्टरही त्यांना वचकून असत, मग आम्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांची काय कथा!

घरी बसून कंटाळल्या, तेव्हा त्या एका संस्थेत जाऊ लागल्या. गरीब घरातल्या मुलांना तिथे एकेक वडीलधारं माणूस जोडून देत. अभ्यासाला, धीर द्यायला, चार वाटा दाखवायला. सिस्टरांच्या वाट्याला दहावीतली एक अबोल मुलगी आली. तिची आई लाँड्रीत इस्त्री करायची आणि दर शनिवारी मुलीला घेऊन यायची.

पहिल्याच दिवशी आई आत येऊ लागली, तशा सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा हं." मनात काही नव्हतं. पेशंटपाशी नातेवाइकांची गर्दी नको, ही सवय हाडीमाशी मुरलेली. आई निमूटपणे जिन्यात जाऊन बसली, ती वर्षभर तिथेच बसत राहिली.

आत मुलगी हळूहळू बोलू लागली. गणिताची भीती गेली, दहावी चांगल्या मार्कांनी पार पडली. परगावच्या एका शाळेत पुढच्या शिक्षणाची आणि राहण्याची फुकट सोय होती, तिथे तिची निवडही झाली. सिस्टरांना आभाळ ठेंगणं झालं. आता फक्त घरून होकार हवा होता, तोही सोमवारच्या आत; तसं शाळेचं पत्र मुलीच्या घरी गेलं होतं.

शनिवारी मायलेकी आल्याच नाहीत. सिस्टर तडक त्यांच्या घरी गेल्या.

एकच खोली होती. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, मुलगी पलीकडे बसली होती. "ती कुठेही जाणार नाही," ती मान वर न करता म्हणाली.

"अहो, सोन्यासारखी संधी आहे! मुलीचं नुकसान करताय तुम्ही." सिस्टरांचा वॉर्डातला आवाज लागला.

"वर्षभर मला जिन्यात बसवलंत. आत काय चाललंय, कधी एका शब्दाने सांगितलंत? आणि आता एकदम म्हणता, पोरगी द्या!"

हे सिस्टरांच्या डोक्यातच आलं नव्हतं. फार लाज वाटली त्यांना. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. असं बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते जरा रागावल्यासारखंच ऐकू आलं.

आईने घडी बाजूला ठेवली आणि मुलीला विचारलं, "तुला जायचंय का गं?"

मुलीने आधी सिस्टरांकडे पाहिलं.

ते आईने पाहिलं, सिस्टरांनीही पाहिलं. मग सिस्टर उठल्या आणि मुलीच्या पाठीमागे, भिंतीला टेकून बसल्या. आता मुलीसमोर आईशिवाय कुणी नव्हतं.

"जायचंय," मुलगी म्हणाली. "खूप जायचंय गं, आई."

"मग इतके दिवस मला का नाही बोललीस?"

"मला वाटलं, सिस्टरांनी तुला सगळं सांगितलं असेल."

सिस्टरांना वाटलं, भिंतीने आपल्याला पोटात घ्यावं.

आईने डोळे पुसले, कपड्यांचा ढीग सरकवला आणि मुलीला जवळ बसवून घेतलं. "मला कुणीच काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "आता तू सांग. पहिल्या शनिवारपासून सांग."