आपण होऊन गाडीत बसलेला माणूस

मी वस्ती सोडली त्या सकाळी पोलिसांची गाडी आमच्या झोपड्यांपुढं येऊन उभी होती. शेजारच्या गावात कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती, आणि तालुक्यात कुठंही काही गेलं की गाडी आधी आमच्याकडं यायची. आम्ही वडार. दगड फोडणारी, जाती-पाटे घडवणारी माणसं. इंग्रजांच्या काळात आमच्यासारख्यांच्या जातीच गुन्हेगार म्हणून कागदावर चढवल्या होत्या. इंग्रज गेला, कागदही रद्द झाला, पण गाडीला ते कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या वयाच्या माणसांना हे सांगायला नको, पण वस्तीवरच्या नव्या पोरांसाठी आणि माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांच्या पोरांसाठी लिहितो. गाडी आली की घरटी एका पुरुषानं आपण होऊन पुढं व्हायचं आणि मागच्या फळीवर जाऊन बसायचं, अशी आपली रीतच पडली होती. कुणी बोलवायचं नाही, कुणी धरायचं नाही. माझा बाप, आबा, म्हणायचा, "पळाला त्यो चोर. लपला त्यो मोठा चोर. बसला त्यो सुटतो." गाडी भरली नाही तर झोपड्यांत बूट शिरायचे, म्हणून बसायचं. आमच्या घरातनं मिसरूड फुटल्यापासून मी जात होतो, कारण आबाचा पाय अशाच एका खेपेत कायमचा अधू झाला होता.

त्या दिवशी माझ्या पिशवीत मस्कतचा व्हिसा होता आणि मला मुंबईची एस.टी. धरायची होती. तरी गाडी दिसल्यावर मी पिशवी खाली ठेवली आणि चालायला लागलो. आबानं माझा दंड धरला. मला मागं सारलं, लंगडत गेला आणि माझ्या जागेवर जाऊन बसला. मग हवालदाराला म्हणाला, "साहेब, काडी हाय का? बिडी पेटवायची हाय." हवालदार शिव्या देत खिसे चाचपायला लागला. त्याची मान खाली गेली आणि मी पिशवी उचलून ओढ्यात उतरलो. माझ्या निरोपाचा सोहळा एवढाच.

मस्कतला आमचा कॅम्प वादी अदाई नावाच्या भागात होता. पहिल्या दिवशी डोंगर बघितले आणि जीव थोडा खाली बसला. सगळीकडं उघडा दगड, झाड नाही, माती नाही. बाकीच्यांना ते बघून रडू येत होतं, मला वाटलं, हे तर आपल्या कामाचं. डोंगराच्या पायाशी दगडी भिंती बांधायच्या, पाऊस आलाच तर घरांवर दरड येऊ नये म्हणून. मुकादम हिंदीत ओरडायचा, अर्बाब म्हणजे मालक अरबीत, आणि आम्ही दोघांना "इन्शाल्ला" म्हणायचो. माझ्या खोलीत तेलंगणाचा राजन्ना होता. त्याला मी घरची वडारी बोली ऐकवली तर तो उडालाच. आमची बोली तेलुगूच्या पोटातली, त्यामुळं त्याला बरंच कळायचं. "अरे, तू तर आमचाच," म्हणाला. गावात शेजारच्या आळीतला माणूस मला असं कधी म्हणाला नव्हता.

इथं मला कुणी जात विचारली नाही. आता कुणी म्हणेल म्हातारा मस्कतचे गोडवे गातोय, तर तसंही नाही. इथंही माणसाआधी पासपोर्टचं कव्हर बघतात. कुठल्या देशाचा, त्यावरनं खोली कुठली आणि खुर्ची कुठली हे ठरतं. पण ती उतरंड सगळ्यांना दिसायची. आमची गावाकडची न दिसता पाठीवर बसायची.

आल्यावर काही महिन्यांनी साइटच्या स्टोअरमधली तांब्याची केबल गायब झाली. मुकादमानं पोलीस बोलावले. मी भिंतीवर होतो. गाडी दिसली, हातोडा खाली ठेवला, टॉवेलनं तोंड पुसलं, खाली उतरलो, गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत बसलो. पोलीस तरणा होता, इथलाच, मोडकी हिंदी बोलायचा. मागं वळून बघतो तर मी.

"तुम क्या किया?"

"कुछ नहीं, साहब."

"तो इधर क्यों बैठा?"

मी म्हणालो, "बैठते हैं, साहब."

तो बाहेर आला, माझ्या बाजूचं दार त्यानं स्वतः उघडलं आणि म्हणाला, "यल्ला, काम पे जाओ. बहुत गर्मी है, पानी पियो." केबल नंतर दुसऱ्या साइटवर सापडली, ट्रकवाल्यानं चुकीच्या ठिकाणी उतरवलेली. पण माझी सुटका कुठली! रुवीच्या बाजारात भाजी आणायला जाताना रस्त्यात पोलिसाची गाडी दिसली की सगळा कॅम्प ओरडायचा, "मारुती, तेरा टॅक्सी आया, बैठ!" मीही हसायचो. हसण्यावारी नेलं की कुणी खोलात जात नाही.

पुढं मी भिंतींची कंत्राटं घ्यायला लागलो, मधल्या सुट्टीत गावी लग्न झालं होतं, त्या बायको-पोरांना आणलं. प्रकाश आणि सुमन इथल्या भारतीय शाळेत शिकली. आपसात इंग्रजी, माझ्याशी तोडकीमोडकी मराठी. एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या वारी, राजन्ना जेवायला आला आणि त्यानं हा टॅक्सीचा किस्सा नक्कल करून सांगितला. प्रकाश लोळून हसला, त्याची आई पदर तोंडाला लावून हसली. सुमन हसली नाही. शाळकरी पोर. हातातला घास तसाच धरून म्हणाली, "But अप्पा, तुम्ही का बसला?"

मी म्हणालो, "गप जेव."

आज ती अमेरिकेत कायद्याची प्रोफेसर आहे. पुण्यात वकिली शिकली, मग तिकडं गेली. तिचा विषय काय म्हणून लोक मला विचारतात. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण तिचा विषय मला इंजिनियर लोकांपेक्षा लवकर कळतो. काही घडायच्या आधी पोलीस कुणाला थांबवतो, आणि उभा राहिलेला माणूस बोलायच्या आधी जज्जाच्या मनात काय असतं, हा तिचा विषय. तिकडं कातडीचा रंग, इकडं जात. ती कोर्टांत दिवसचे दिवस बसते, जेलमधल्या माणसांशी बोलते, मग पुस्तक लिहिते. इथल्या मराठी मंडळात कुणी म्हणतं, "एवढी शिकली तर प्रॅक्टिस का नाही करत?" मी म्हणतो, "तुम्ही करा की."

दर शुक्रवारी फोन येतो. एकदा म्हणाली, "अप्पा, इथं काळ्या मुलांना त्यांचे वडील शिकवतात. पोलिसांनी कार थांबवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे, त्यांना दिसतील असे. आपण होऊन ठेवायचे."

मी म्हटलं, "म्हणजे तिथंबी वडार हायत म्हण की."

ती इतकी हसली की फोन ठेवावा लागला. नंतर कळलं, तिनं ते वाक्य वर्गात सांगितलं.

मागच्या थंडीत तिला तिकडं मोठं पद मिळालं. त्या पदावर बसलं की एक जाहीर भाषण द्यायची त्यांची रीत आहे, गावभरची शहाणी माणसं येतात. सुमन म्हणाली, "मला गाडीचा किस्सा सांगायचाय. तुमच्या नावानं, आपल्या जातीनं."

मी नाही म्हणालो.

मी हट्टी माणूस आहे, हे वस्तीला ठाऊक आहे. एवढी वर्षं तो किस्सा मी हसण्यावर निभावला होता. कोटवाल्या लोकांनी माझ्यासाठी चक् चक् करावं हे मला मंजूर नव्हतं. मी काय बिचारा नाही. वादी अदाईतली माझी भिंत कितीतरी वादळं खाऊन उभी आहे. सुमन शांतपणे म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर नाही सांगणार. पण अप्पा, माझं सगळं काम तिथनंच सुरू झालंय. ते सोडून काय बोलू?" मी फोन तिच्या आईकडं, म्हणजे गौराकडं दिला. पुढचे कित्येक शुक्रवार मी फोनवर आलोच नाही. शेवटी पोरगी सुट्टी काढून मस्कतला आली. हट्ट माझाच तिच्यात उतरलाय.

आम्ही आता प्रकाशकडं, मस्कतच्याच माबेल्याला राहतो. सकाळी ती म्हणाली, "मला तुमची भिंत बघायची." प्रकाशनं गाडी काढली. मी पुढं, ती मागं. वादी अदाईच्या अलीकडं पोलिसांचं चेकिंग लागलं होतं. प्रकाशनं गाडी हळू केली, काच खाली घेतली. गाडी पुरती थांबलीही नव्हती आणि मी दार उघडून खाली उतरलो होतो. या वयात. उन्हात गाडीला टेकून, मान खाली घालून उभा.

पोलीस धावत आला. माझ्या नातवाच्या वयाचा असेल. "चाचा, बैठो, बैठो! धूप है. सिर्फ लायसन्स चाहिए, वो भी ड्रायव्हर का." त्यानं मला हाताला धरून परत सीटवर बसवलं.

प्रकाश म्हणाला, "अप्पा, काय हे!" सुमननं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो भिंत येईपर्यंत काढला नाही.

भिंतीच्या सावलीत आम्ही दोघं बसलो. प्रकाश चहा आणायला गेला. ती दगडांवरनं हात फिरवत होती. मी म्हणालो, "तू लहानपणी विचारलेलंस ना, का बसला?"

तिनं मान वर केली.

मग मी तिला ते सांगितलं जे राजन्नाला ठाऊक नव्हतं, तिच्या आईलाही नाही. ओढा, पिशवी, आबाचा लंगडा पाय, काडी. "त्या दिवशी माझ्या जागेवर आबा बसला," मी म्हणालो. "ती जागा माझी होती. इथं गाडी आली तेव्हा मला वाटलं, आता आपली पाळी. भ्यालो म्हणून नाही बसलो, पोरी. आबाला उठवायला बसलो."

ती रडली. मी रडू दिलं. मग म्हणालो, "सांग. नाव सांग, जात सांग. पण निम्मं सांगू नको. माझ्या आधी आबाचं सांग. लंगड्या माणसानं पोलिसाची मान कशी खाली घालायला लावली, ते सांग. ते ऐकून कुणी चक् चक् केलं तर मला कळव."

भाषणाच्या दिवशी आम्ही माबेल्याला टीव्हीला फोन जोडून बसलो. राजन्नालाही बोलावलं होतं. इंग्रजी मला समजत नाही, पण "आबा" समजतं, "वडार" समजतं. माझं नाव आलं तेव्हा राजन्नानं माझ्या पाठीत गुद्दा घातला आणि म्हणाला, "इतनी साल मेरे को आधी कहानी बताया, चोर!" नंतर सगळा हॉल उभा राहिला. आबासाठी. जो माणूस लंगडत पोलिसांच्या गाडीकडं उठून गेला, त्याच्यासाठी कोटवाली माणसं आपण होऊन उठली.

त्या शुक्रवारी सुमनचा फोन आला. म्हणाली, "अप्पा, शेवटी एका काळ्या मुलानं हात वर केला. तुमच्या आजोबांना काडी मिळाली का, असं विचारलं. मला answer माहीत नव्हतं."

मी म्हणालो, "मिळाली. ओढ्याच्या पलीकडं जाऊन मी एकदा वळून बघितलं. गाडीच्या मागनं धूर निघत होता, बिडीचा. मजेत ओढत होता म्हातारा. त्याला सांग त्या पोराला."

वस्तीवरच्या लोकांनो, पुतण्या परवा फोनवर सांगत होता की आता गाडी आली तर पोरं क्रिकेट सोडत नाहीत. कुणाला न्यायचं म्हटलं तर कागद मागतात. ऐकून बरं वाटलं. मला लोक विचारतात, घर कुठलं म्हणायचं, तिकडचं की इकडचं? मी बांधणारा माणूस, भिंती-छपरावरनं सांगत नाही. गाडीचा आवाज आला तरी जिथं माणूस जेवणावरनं उठत नाही, ते घर.

काल दुपारी आम्ही सगळे ताटावर होतो आणि खाली रस्त्यावर सायरन वाजला. नातीनं मान वर केली नाही, तिचं वरण-भाताकडं लक्ष. माझे पाय आपसूक हलले. मी ते जागीच धरले आणि गौराला म्हणालो, "अजून एक भाकरी वाढ."