झेंडूला बांधलेल्या नाड्या

जाधव सर गेल्याचं मला पंचवटीत फुलं विकायला बसले असताना कळलं. गणपती नुकतेच उठले होते, बाजार थंड होता. पूर्वी सरांकडे खेळलेली एक मुलगी, आता शाळेत शिकवते, तिने गाडी लावली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. "मावशी, सर गेले काल," म्हणाली. तेवढ्यात गिऱ्हाइकाने शेवंतीचा भाव विचारला. मी भाव सांगितला, फुलं तोलली, पिशवीत भरून दिली. वळून पाहिलं तर ती रडत होती... मला रडू आलं नाही. मनात एवढंच आलं, की आता दसऱ्याला नाड्या कोण आणणार.

वैशाली माझी धाकटी. तिला शहरातल्या शाळेत घातलं, तिथे सर मुलींना बास्केटबॉल शिकवायचे. मैदान म्हणजे फुटकं सिमेंट आणि दोन खांब. वर लोखंडी कड्या, त्यांना जाळीसुद्धा नाही. सर आधी पुरुषांच्या मोठ्या संघाला शिकवत होते, ते सोडून या पोरींकडे आले, म्हणून लोक त्यांना येडं म्हणायचे. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. बाजार उरकला की रिकामी पाटी घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहायचे. परक्या माणसाशी बोलायची मला लाज, म्हणून भिंतीच्या आडोशाला. तिथून सरांचं ओरडणं ऐकू यायचं. "अगं, बॉल काय लेकरू आहे का कडेवर घेऊन हिंडायला? दे की तिला!" मला हसू यायचं, पदर तोंडाला लावायचे.

वैशालीची जिल्ह्याच्या संघात निवड झाली आणि राज्याच्या स्पर्धा नेमक्या दसऱ्याला आल्या. आमचा मळा मखमलाबादच्या अंगाला. दसऱ्याच्या तोंडावर झेंडू तोडायला घरातलं लहानमोठं प्रत्येक माणूस लागतं. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्यांनी स्पष्टच सांगितलं, "दसऱ्याला मळ्यातलं माणूस बाहेर जात नसतं. चेंडू काय, वर्षभर हाय." सर मळ्यात आले. वैशालीचे वडील त्यांच्याकडे बघेनात. सरांनी वाद घातला नाही. नुसतं विचारलं, "कधी तोडायचीत फुलं?"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता टेम्पो भरून सगळा संघ मळ्यात उतरला. पोरी वाफ्यावाफ्यात पसरल्या. ऊन वर यायच्या आत निम्मा झेंडू पाट्यांत होता. सर मात्र एकटेच विहिरीच्या बाजूला गेले आणि मोठी मोठी फुलं भरलेली टोपली आणून आत्याबाईंपुढे अभिमानाने ठेवली. आत्याबाई मटकन खाली बसल्या. ती बियाण्याची फुलं होती. झाडावर वाळवून पुढच्या वर्षाचं बी धरायचं, म्हणून राखलेली. घरच्यांना ठाऊक होतं, पण सरांना कोण सांगणार?

"मास्तर," आत्याबाई म्हणाल्या, "पुढल्या सालाचं पीक बी यंदाच तोडलं का हो?"

सरांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, सगळ्यात चांगली आहेत म्हणून..."

"चांगली म्हून तर ठिवली व्हती."

आत्याबाईंनी टोपलीतलं एक फूल उचलून पाहिलं. मग आत्याबाईंनाच हसू फुटलं. "जाऊ द्या रे पोरीला. नाय तर ह्यो माणूस मुळ्या बी उपटून नेईल."

त्या स्पर्धेत आमच्या पोरी हरल्या. पण पुढच्या वर्षी दसऱ्याआधी सर मळ्यात हजर. हातात बुटांच्या जुन्या नाड्यांचा जुडगा, पोरींच्या बुटांतून काढलेल्या, मळकट. "वहिनी, ह्या बियाण्याच्या झाडांना बांधा. म्हणजे माझ्यासारखा येडा आला तरी हात लावणार नाही." चहा पिता पिता विहिरीकडे बघत म्हणाले, "माझंही असंच आहे. पोरगी जरा खेळायला लागली की नेतात मांडवात. दरवर्षी पुन्हा पहिल्यापासून. बी धरायला एकसुद्धा ठेवत नाहीत हो कुणी..." मी त्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतला.

वैशालीची दहावी झाली आणि घोटीहून स्थळ आलं. भाताचा व्यापार, माणसं चांगली. वैशाली आत चुलीपाशी गुडघ्यात मान घालून बसली होती. बाहेर तिचे वडील हो म्हणायच्या बेतात होते. मी चहा घेऊन गेले, आणि कसं कोण जाणे, चार पुरुषांसमोर बोलले. "तिला नाडी बांधलीय."

पाहुण्यांना काही कळेना. ह्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. आत्याबाईंना कळलं होतं. त्यांनी शांतपणे कप उचलला. "नवस हाय तो," म्हणाल्या. "एवढ्यात नाय लगीन करायचं." नवस म्हटल्यावर पाहुण्यांनी आग्रह धरला नाही. माणसं सभ्य, चहा पिऊन गेली. सरांना हे वैशालीने सांगितलं तेव्हा ते म्हणे मैदानाच्या टोकाला जाऊन बराच वेळ पाठ करून उभे होते.

वैशाली पुढे राज्याकडून खेळली. आता देवळाली कॅम्पच्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवते, आणि सरांसारखीच ओरडते. सरांना मोठा चषक कधी मिळाला नाही. हल्ली बी सगळे पाकिटातलंच आणतात, आम्हीही आणतो. हे मी सरांना कधी सांगितलं नाही. नाड्या येत राहिल्या, मी एक ओळ घरच्या बियाण्याची लावत राहिले.

तेराव्यानंतर त्यांच्या घरी गेले. दारात सरांचे बूट होते, नाड्या नसलेले. ताई, म्हणजे सरांच्या पत्नी, आतून कागदाची पुडी घेऊन आल्या. "आजारात उठवत नव्हतं, पोरींकडून गोळा करता येईना. मग स्वतःच्याच काढून ठेवल्या. मळ्यात द्यायच्या म्हणाले."

तेव्हा मला रडू आलं.

दसरा होऊन गेला. सगळा झेंडू तोडून झाला, मळा मोकळा दिसतो. विहिरीजवळ एकच झाड ठेवलंय, त्याला दोन पांढऱ्या नाड्या. फूल वाळत आलंय. रोज सकाळी बी भरलं का म्हणून बोटांनी हलकेच दाबून बघते... भरलंय. पण नाडी सोडायला हात धजत नाही.