बत्तीस की शून्य

उन्हाळ्यात भाजणाऱ्या नि हिवाळ्यात गोठणाऱ्या त्या गावात त्या रेडिओवर सकाळचं हवामान सांगायच्या, म्हणून गावभर त्यांना हवामानबाई म्हणत. बाजारात भाजीवालासुद्धा विचारायचा, "बाई, आज छत्री घेऊ का?" बाई तापमान फॅरनहाइटमध्ये सांगत, आणि त्यावर कुणी बोट ठेवलं की बाह्या सरसावून भांडत.

"अंगात शंभर ताप म्हटलं की कळतं ना? मग बाहेर शंभर म्हटलं की माणूस आपोआप सावली शोधतो. तुमचं ते सेल्सिअसचं अडतीस ऐकून कुणाला घाम फुटणार?"

रेडिओ स्टेशनात त्यांच्या बाजूनं एकटी होती ती बातम्या वाचणारी मुलगी. बाईंनीच तिला माइकसमोर बोलायला शिकवलेलं. ती बाईंना ताई म्हणे, त्यांच्या डब्यातलं हक्कानं उचलून खाई.

एक दिवस स्टेशनच्या साहेबांनी सांगितलं, तापमानाचं एकच माप ठेवायचं; कोणतं, ते उद्या बैठकीत ठरवू. त्या दुपारी दोघी कॅन्टीनमध्ये बसल्या.

"तुला म्हणून सांगते," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "कडाक्याच्या थंडीत मी घरी सेल्सिअसच बघते गं. शून्याखाली गेलं की रस्त्यावर बर्फ, डोकं चालवायला नको. फॅरनहाइटमध्ये तेच बत्तीस म्हटलं की मीही जरा अडखळते. पण हे कुठे बोलू नकोस हं."

"काहीतरीच काय ताई! मी तुमच्याच बाजूनं बोलणार."

बैठकीत बाईंनी तापाचा मुद्दा मांडला. दोघातिघांनी माना डोलावल्या. मग बातम्या वाचणारी उठली.

"ताईंचा अनुभव मोठाच. पण खुद्द ताई थंडीत सेल्सिअस बघतात. बत्तीसला अडखळतात म्हणे. कालच मला म्हणाल्या."

हशा पिकला. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. ती साहेबांकडे बघत होती.

सेल्सिअस ठरलं. बाईंनी तेही गिळलं असतं. पण साहेब पुढे म्हणाले, "आता नवं माप, नवा आवाज. हिनं मागच्या महिन्यातच सकाळचं हवामान मागितलंय. बाई, तुम्ही दुपारचा श्रोत्यांचा कार्यक्रम घ्या."

मागच्या महिन्यात! म्हणजे काल डब्यात हात घालताना तिला सगळं ठाऊक होतं.

व्हरांड्यात त्यांनी तिला गाठलं. "मागितलं असतंस तर मीच दिलं असतं की गं."

"ताई, मनावर घेऊ नका. शेवटी लोकांच्या सोयीचंच ना?"

"ताई नको म्हणूस. बाई म्हण, सगळे म्हणतात तसं."

दुपारचा कार्यक्रम बाईंनी झकास चालवला. कॅन्टीनमध्ये त्या सगळ्यांशी हसून बोलत, तिलाही चहा पुढे करत. मनातलं मात्र त्यांनी पुन्हा कुणापुढे काढलं नाही.

"अगं, घरात तरी बोल," नवरा म्हणे.

"बोलतेय की. भाजीत मीठ कमी आहे."