जिकडं जायचंय तिकडं बघायचं नाही : लिंबाजीमामासोबत हिमालय

हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत पर्यटकांना कसं फसवतात, यावर माझ्या मुलीनं मला मोबाइलवर एक लांबलचक यादी दाखवली. मी ती वाचली आणि हसलो. यातलं निम्मं आम्ही सत्तरच्या दशकातच भोगून आलोय, आणि उरलेलं निम्मं आम्ही आमच्या हातांनी स्वतःवर ओढवून घेतलं होतं. तेव्हा तिकडं जायचा बेत करणाऱ्यांनी हे वाचावं. ज्यांना घरीच बसायचंय त्यांनीही वाचावं, पैसे वाचतील.

मी तेव्हा परभणीला एका कचेरीत कारकून होतो. नोकरी नवी, लग्न व्हायचं होतं, आणि कचेरीतून प्रवासभाड्याची सवलत मिळणार होती. मी आईला विचारलं, कुठं जाऊ या? बोरीच्या आमच्या घरात भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यावर बर्फाच्या डोंगराखाली तिबेटी लोकांचा विहार, ज्याला तिकडं गोंपा म्हणतात, त्याचं चित्र. वर्ष संपून दोन वर्षं झाली तरी आई ते उतरवू देत नव्हती. तिनं त्याच्याकडंच बोट दाखवलं. माझ्या शिक्षणासाठी बाईनं नऊ हंगाम ऊस तोडला होता. नाही कोण म्हणणार?

एवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. तिनं सगळ्या वस्तीत सांगून टाकलं की मी डोंगरावरचा मोठा बुद्ध बघून येते आणि समद्यांना सांगते. आमच्या वस्तीतल्या विहाराचा तेव्हा नुसता पाया भरला होता, त्यामुळे बायांना फार उत्सुकता. आता न बघता परत येण्याची सोय उरली नव्हती.

सोबतीला आईचा धाकटा भाऊ, लिंबाजीमामा. बैलांच्या बाजारात सौदे जमवून देणं हा त्याचा धंदा. आजवर आपल्याला कुणी फसवलं नाही, हे तो दिवसातून दोनदा सांगायचा. सणाच्या दिवशी तीनदा.

बोरीहून एसटीनं परभणी, तिथून छोट्या लाइनच्या गाडीनं मनमाड, मग मोठी गाडी दिल्लीपर्यंत, पुढं रेल्वे आणि शेवटी डोंगरातली बस. चार दिवस. धपाटे तिसऱ्या दिवसापर्यंत टिकतात, शेंगदाण्याची चटणी शेवटपर्यंत. वळणावळणाच्या रस्त्याला खिडकीची जागा धरा, आणि तुमच्या पुढच्या खिडकीत कोण बसलंय तेही बघून घ्या. मी बघितलं नव्हतं.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकच बाजारपेठ, पाठीवर पोती बांधून हिंडणारे केस वाढवलेले गोरे लोक, घोड्यांचा अड्डा, भाड्याच्या कोटांची दुकानं. आणि समोरच्या डोंगरावर, अगदी कॅलेंडरातला, तो गोंपा. बसमधून उतरताच आईनं वर बघितलं आणि तिचे हात आपोआप जोडले गेले.

मामानं तिचे हात खाली दाबले. "अक्का, बघू नको!"

"का रं?"

"बाजारात जो बैल घ्यायचा त्याच्याकडं बघायचंच न्हाई. दुसऱ्याच बैलाच्या शेपट्या पिळायच्या. तुझं मन कुठं हाय ते कळलं की भाव चढला म्हून समज."

सल्ला तसा बरा होता. पण मामानं त्याचा कायदाच केला. पुढचे दोन दिवस आम्ही त्या गावात धबधबा विचारला, सफरचंदाच्या बागा विचारल्या, पोस्ट विचारलं, गोंपाचं नाव मात्र काढलं नाही. आई डोंगराकडं पाठ करून बसायची. खोलीला सहा रुपये रोज, रजईचे आठ आणे वेगळे. खिडकीतून गोंपा दिसायचा म्हणून मामानं खिडकीला घोंगडं लावलं. मुक्काम तीनच दिवसांचा होता, परतीची तिकिटं काढलेली होती. माझा जीव टांगणीला लागला होता. "मामा, सरळ विचारू या ना," म्हटलं, तर म्हणाला, "तू कारकून हायस. तुला सरकार फसवतं, तिथं ही पोरं काय सोडत्यात?"

त्याचं ऐकावं लागे, कारण तो खरंच फसत नव्हता. एकानं डबीतून केशर काढलं. मामानं दोन काड्या जिभेवर ठेवल्या आणि भर बाजारात ओरडला, "अरे ये तो मक्के के बाल हैं! हमारे गाँव में ढोरां बी नक्को बोलते!" कोटवाला म्हणाला, कोट घातल्याशिवाय वर सोडत नाहीत, कायदा आहे. मामा म्हणाला, "कायदा लिख्या हुआ दिखाव." धोतरावर दोन घोंगड्या पांघरून तो असा काही चालला की दोन गोऱ्यांनी त्याचा फोटो काढला. मामानं लगेच त्यांच्याकडं चार आणे मागितले आणि घेतलेही. त्या गावात परक्या माणसानं परक्यालाच लुटल्याचं ते पहिलंच उदाहरण असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घोड्यांच्या अड्ड्याजवळ चहा घेताना घात झाला. आईची मान नकळत वर वळली. काळा गॉगल आणि बेलबॉटम घातलेला, अड्ड्यावर गिऱ्हाइकं धरून देणारा एक इसम बाजूलाच उभा होता.

"माताजी, ऊपर गोंपा जाना है?"

"नक्को," मामा ताडकन म्हणाला. "हम उधर देखते बी नहीं."

"अच्छा ही है," गॉगलवाला हळहळला. "रास्ता टूट गया है, बाबाजी. महीना भर बंद. आप तो बर्फ देखो. अपने घोड़े वहीं जाते हैं."

आईच्या हातातली बशी तशीच राहिली. चहा निवला तरी ती घोट घेईना. तिनं नुसता पदर डोक्यावर नीट केला. मला त्या क्षणी मामाचा भयंकर राग आला.

"मामा, हा खोटं बोलत असेल."

"येड्या, आपण विचारलंच न्हाई. न विचारता कुणी खोटं कशाला सांगल? आन् तेचे पैसे बी मागितले न्हाईत." मामानं मला बाजाराचं शास्त्र समजावलं आणि आईकडं वळला. "अक्का, नशिबात न्हाई. उद्याच्याला बर्फ बघू."

"बर्फ घेऊन काय करू?" आई म्हणाली. "वस्तीला काय, गार लागतं म्हून सांगू?"

तिसरा दिवस. मामा अड्ड्यावर घोडा ठरवायला गेला. आता बैलाचा सौदा कसा होतो, ते सांगायला हवं. दोघं हातांवर टॉवेल टाकतात आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, चारचौघांना कळू नये म्हणून. मामानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि गॉगलवाल्याचा हात धरून त्यावर झाकला. गॉगलवाल्याला वाटलं, हा अंगठी काढतोय. त्यानं किंचाळून हात सोडवला, घोडे बिथरले, एक घोडा सफरचंदांच्या टोपलीत शिरला. "हात ओढून घेणाऱ्याशी सौदा न्हाई," मामानं जाहीर केलं आणि अड्डा सोडला.

पुढच्या वळणावर एक म्हातारा रिकामं खेचर घेऊन विडी ओढत बसला होता. मामा खेचराभोवती फिरला. अंगावरचे भोवरे मोजले, खूर उचलून बघितले, जबडा उघडून दात तपासले. खेचर त्याच्या तोंडावर शिंकलं. "अस्सल जनावर," मामा तोंड पुसत म्हणाला. मग टॉवेल. म्हाताऱ्यानं हात ओढला नाही. त्याला गुदगुल्या व्हायला लागल्या आणि तो खोखो हसत सुटला. आत काय भाव ठरला हे दोघांनाही शेवटपर्यंत समजलं नाही. म्हाताऱ्यानं तोंडानं पाच रुपये सांगितले, तेव्हा कुठं काम झालं.

"कहाँ जाना है?"

"बरफ," मामा म्हणाला.

आई नऊवारी सावरून ओझ्याच्या खोगिरावर चढली. मामा पुढं, म्हातारा आणि मी मागं. मैलभरावर रस्ता फुटत होता, उजवीकडं बर्फाचा, डावीकडं चढणीची पाऊलवाट. मामा उजवीकडं वळला. खेचर डावीकडं वळलं. मामानं मागं पळत येऊन दोर ओढला, बैलाला घालतात तशी हाळी घातली, शेपटी पिळली. खेचर आईला घेऊन चढतच राहिलं. मामा दोराला लोंबकळत त्याच्यामागून फरफटत निघाला.

"वो नहीं मानेगा," म्हातारा मला म्हणाला. "रोज गोंपा में चावल पहुँचाता है. उसको एक ही रास्ता आता है."

"पण रस्ता तुटलाय ना?" मी कसंबसं हिंदीत विचारलं.

"किसने बोला? सुबह ही तो चावल का बोरा छोड़ के आया हूँ."

मामानं ते ऐकलं. दोर त्याच्या हातातून सुटला. चेहरा असा झाला की मला हसूही येईना. दोन दिवस आम्ही ज्या गोंपाकडं बघायचीही चोरी केली होती, तिथं न विचारता, न सांगता, रोज तांदळाची पोती जात होती. आईनं वरून वळून बघितलं. "लिंबाजी, आता बघू का?" तिनं विचारलं.

तासाभराचा चढ आहे, दम लागतो, पाणी सोबत घ्या. वर पोचलो तेव्हा मोठं दार सताड उघडं होतं. आत अंधारात दिवे आणि त्यांच्या मागं सोनेरी काहीतरी. दाराला तीन पायऱ्या. आई खेचरावरून उतरली, चपला काढल्या आणि पायऱ्यांच्या खालीच थांबली.

"तिकीट असल आत जायला," मामा कुजबुजला. "इचारू नको, भाव वाढल."

तिकिटाचा प्रश्नच नव्हता. लहानपणी गावातल्या देवळाच्या पायरीखाली जिथं उभं राहायला शिकवलं होतं, तिथं तिचे पाय आपोआप थांबले होते. धम्म घेऊन वीस वर्षं होत आली तरी पायांना ते कुणी कळवलं नव्हतं.

आतून एक म्हातारा भिक्खू आला. त्याला तिची भाषा येत नव्हती, तिला त्याची. त्यानं या, या, असा हात केला. ती हलेना. मग तो पायऱ्या उतरला, तिच्या मनगटाला धरलं आणि आजारी माणसाला नेतात तसं सावकाश आत नेलं. आत तिनं त्रिसरण म्हटलं, बोरीच्या सुरात, मोठ्यानं.

मग चहा आला. खारट.

"चहात मीठ!" मामा माझ्या कानाशी लागला. "साखर वाचवायलेत." पण अन्न टाकायचं नाही म्हणून त्यानं वाटी संपवली. तिथली रीत अशी की वाटी रिकामी झाली की पुन्हा भरायची. मामाची रीत अशी की भरलेली संपवायची. दोन्ही रीती एकमेकींना भिडल्या आणि मामानं सात वाट्या खारा चहा ढोसला. तुम्ही गेलात तर पोट भरल्यावर वाटी भरलेलीच ठेवा. निघताना त्यानं घाबरत घाबरत पैसे विचारले. भिक्खूनं दोन्ही हात हलवून नाही म्हटलं. मामा बाहेर येऊन पायरीवर बसला. कुठंतरी गोम असणार म्हणून अर्धा तास वाट बघितली. गोम निघाली नाही.

उतरताना तो आईच्या खेचराबरोबर चालत होता. एकदम म्हणाला, "अक्का, मी फसलो. तुला तशीच माघारी न्हेत होतो."

"आरं, पर जनावर तर तूच पारखलंस," आई म्हणाली.

मामाला हे पटायला पाच पावलं लागली. सहाव्या पावलाला तो खेचराच्या दातांविषयी सांगायला लागला.

एवढा लांबचा प्रवास, खर्च, गॉगलवाल्याची थाप; काय उरलं म्हणाल, तर माझ्यापुरतं मी शिकलो की जिथं जायचंय तिथलं नाव मोठ्यानं घ्यावं, आणि एकाला नाही तर चौघांना विचारावं. त्यातला एक पोती वाहणारा असावा.

बोरीला पोचलो त्या संध्याकाळी विहाराच्या पायावरच बाया जमल्या. आई मधोमध बसली. मला वाटलं, आता मूर्ती केवढी, सोनं खरं की खोटं, असं काही विचारतील. पहिला प्रश्न एका म्हातारीनं विचारला, तोही दबक्या आवाजात.

"आत सोडत्यात का गं?"

"सोडत्यात काय," आई म्हणाली, "हाताला धरून न्हेत्यात."

बाया आईच्या आणखी जवळ सरकल्या. मग मागून कुणीतरी विचारलं, "भाडं किती पडतं?"