बर्फाखालचं गाऱ्हाणं

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि रत्नागिरीत घर केलं. बंद खोलीत मला बसवत नाही. लग्नाच्या हॉललासुद्धा मी दाराजवळची खुर्ची धरतो आणि बायकोची बोलणी खातो. त्यामुळे शांतारामदादांनी फोनवर एका हॉटेलातल्या बारचं नाव घेतलं तेव्हा मी कचरलो. पण माझ्या पलटणीतला सोबती सदा, त्याचे ते थोरले भाऊ. त्यांना नाही म्हणता येईना.

निवांत बसायला जागा उत्तम होती. दुपारची वेळ, गिऱ्हाईक आम्ही दोघंच. मंद दिवे, गार एसी, काचांना काळी फिल्म. मिरजोळ्याच्या कंपनीतली पहिली पाळी संपवून दादा तसेच आले होते. मला त्यांनी मोठ्या मानाने भिंतीकडच्या बाकावर बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसले. झालं, माझी वाट बंद. दोन रम आल्या, चणे आले. मला एसीत घाम फुटला होता.

दादांनी पाल्हाळ लावला नाही. सदा शेवटी काय बोलला ते ऐकायचंय, म्हणाले. घरी आईसमोर विचारता येत नाही म्हणून इथे बोलावलं. मी एक घोट घेतला आणि साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं सांगायला लागलो.

आमची पोस्ट काश्मीरमध्ये, बरीच उंचावर. नाईक सदानंद आग्रे आणि मी एका बंकरमध्ये होतो. सकाळी बंकरच्या तोंडावरचा बर्फ उपसायचा, रेडिओ सेट तपासायचा, चहा घ्यायचा आणि ड्यूटीला उभं राहायचं. तो समुद्रकाठच्या गुहागर तालुक्यातला, मी आत लांज्याकडचा. म्हणजे मासे ओळखण्यावरून तो मला रोज अडाणी ठरवायचा.

त्या सकाळी सदा चहा ठेवत होता. आधी आवाज आला, मग हवेचा धक्का, मग काळोख. कड्यावरचा सगळा बर्फ बंकरवर उतरला होता. छताचा वासा सदाच्या कमरेवर पडला. मी छातीपर्यंत गाडला गेलो, एक हात तेवढा मोकळा. अँटेनाच्या भोकातून थोडी हवा येत होती. सेट मात्र चालू होता; त्यावर आमच्या पोस्टचं नाव चार्ली.

"बेस फॉर चार्ली. हालत बताओ. ओव्हर."

"चार्ली फॉर बेस. दो आदमी जिंदा. ओव्हर."

"बेस फॉर चार्ली. हालत बताओ. ओव्हर."

आमचं त्यांना ऐकू जातच नव्हतं. ते विचारत राहिले, आम्ही ओरडत राहिलो. मग बॅटरी उतरली आणि तोही आवाज गेला. तेव्हा मी खरा घाबरलो.

बर्फात डोळा लागला की माणूस संपला, हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगितलेलं. एकमेकांना जागं ठेवायचं होतं. गप्पा संपल्या, शिव्याही संपल्या. मग सदाने गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे देवापुढे एकजण घराची अडचण मोठ्याने मांडतो आणि बाकीचे वाक्यागणिक होकार देतात. इथे बाकीचे म्हणजे मी एकटा.

"बा गावदेवा म्हाराजा, शांताराम धोंडू आग्रे याच्या घरातला पोर आज बर्फात गाडलाय."

"व्हय म्हाराजा."

"त्याला नि त्याच्या सोबत्याला भायेर काड."

"व्हय म्हाराजा."

आईसाठी, बायकोसाठी, गाभण म्हशीसाठी, सगळ्यांसाठी त्याने मागून घेतलं. हळूहळू त्याचा आवाज बारीक झाला. मग गाऱ्हाणं मी घालू लागलो आणि होकार तो देऊ लागला. सदाला बाहेर काढ, असं मी म्हटलं. होकार आला नाही. मी पुन्हा म्हटलं. खोदणारे पोचले तेव्हाही मी तेच म्हणत होतो.

एवढं सांगून मी मान खाली घातली. भावाने तासन्‌तास बर्फाखाली काढले हे ऐकून दादा कोसळतील, हीच मला धास्ती होती. पण ते भलतीकडेच अडकले होते.

"पयलं नाव कोणाचं घेतलान?"

"तुमचं, दादा."

त्यांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग सगळं सांगितलं. सदा पोस्टिंगवर जाण्याआधी घराची वाटणी झाली होती, ती दादांनी हट्टाने करून घेतलेली. चुली वेगळ्या, भावाभावांत अबोला. सदाने मला कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं. गाऱ्हाण्यात पहिलं नाव घरच्या कर्त्याचं घेतात. वायला, म्हणजे वेगळा निघालेला भाऊ स्वतःच्या नावाने गाऱ्हाणं घालतो, ही रीत आम्हा दोघांनाही पाठ.

"वायला मी झालो," दादा म्हणाले. "तो झालाच नाय."

ते टेबलावर डोकं टेकून रडले. वेटर लांबच थांबला. मीही रडलो. बाहेर पडायची घाई मला राहिली नव्हती.

नाईक सदानंद धोंडू आग्रे आमच्या पोस्टवर कामी आला. पलटणीच्या स्मारकावर त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव आहे. माणूस कुणाच्या घरातला, ते तिथे कोरत नाहीत. म्हणून मी इथे लिहून ठेवतो. तो शांतारामच्या घरातला.